काटा वर, कृपा वर

विमानाच्या अंगात आलं तेव्हा मी त्याच्या डाव्या चाकाला ठोकळा लावत होतो.

आधी नाक थरथरलं, मग पंख, मग शेपटी. पाठोपाठ दोरीपलीकडे उभी असलेली दीडशे माणसं थरथरली. "सामी आलेऽ!" अशी आरोळी उठली. तमिळमध्ये देवही सामी आणि बुवाही सामी. एकाने नारळ फोडला. दुसऱ्याने कापूर पेटवला, पेट्रोलच्या पिंपापासून वीस पावलांवर. त्या दिवशी खरोखर चमत्कार झाला असेल तर तो एवढाच, की आम्ही कुणी जळालो नाही.

ही गोष्ट चेन्नईबाहेरच्या, श्रीपेरुंबुदूरच्याही पुढच्या एका विमानविद्यालयातली. एक धावपट्टी, एक हँगर, तीन विमानं. त्यांतली दोन उडायची आणि तिसऱ्याचे सुटे भाग काढून ती उडवायची. मी तिथला धाकटा मेकॅनिक, रघु, वय सव्वीस. विमानं दुरुस्त करणं आणि विनोद करणं अशी माझी दोन कामं. पगार पहिल्याचा मिळतो.

अंगात आलेल्या विमानात माझी बहीण रंजनी बसली होती. ती तिथे वैमानिक व्हायला शिकत होती. इंजिन सुरू करून विमान धावपट्टीवर न नेता जागच्या जागी चालवून बघायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. तिने बाजूची छोटी खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि पुढच्या पंख्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडली, "रघु! इंधनदाबाचा काटा वर आलाय डा! पार हिरव्यात!"

हे तिने ओरडायला नको होतं. गर्दीच्या पुढे, टी. नगरमधून आणलेल्या नव्याकोऱ्या जरीच्या उपरण्यात, मीटर सामी उभे होते.

मीटर सामींनी धंद्याची, म्हणजे साधनेची, सुरुवात टी. नगरच्या एका ऑटो स्टँडवर केली. चेन्नईत ऑटोवाल्याने मीटर टाकला तर लोक त्याचा फोटो काढतात, हा भाग वेगळा. पण सामींनी हात ठेवलेले मीटर म्हणे नेहमीपेक्षा जोरात पळायचे. ऑटोवाले भक्त झाले. प्रवाशांना कुणी विचारलं नाही. मग सामी विजेच्या मीटरकडे वळले, तिथून रक्तदाबाच्या यंत्राकडे. जिथे काटा तिथे सामी. वेस्ट मांबलममध्ये टायरच्या दुकानामागे त्यांचा मठ आहे आणि मठाच्या दारावर लिहिलंय: काटा वर, कृपा वर.

"इंधन म्हणजे काय?" सामींनी दोन्ही हात उचलून विचारलं. ते तमिळमध्ये बोलत. इथे मी मराठीत लिहितोय. "इंधन म्हणजे जीवाची ओढ! दाब म्हणजे काय? देवाचा हात! आणि काटा म्हणजे काय?"

"काय, सामी?" दीडशे जण.

"काटा म्हणजे देवाचं बोट! देव बोट कुठे दाखवतोय?"

"वर!"

"इंधनाचा रंग कोणता?"

विमानाचं पेट्रोल निळं असतं. ओळखू यावं म्हणून कंपनीत त्यात रंग घालतात. पण हे सांगायला तिथे कुणी नव्हतं, म्हणजे मी होतो.

"निळा! कुणाचा कंठ निळा?" असं म्हणून सामींनी डोळे मिटले, आणि विमानविद्यालयाचे मालक गुरुमूर्तीसाहेब हात जोडून रडत खाली बसले. तेही इस्त्रीच्या पॅंटमध्ये, ऑइलच्या डागावर. इतकी श्रद्धा मी त्यांच्यात पगाराच्या दिवशीही पाहिली नव्हती.

साहेबांना रडू का आलं ते सांगितलं पाहिजे. महिनाभर या विमानाच्या इंधनदाबाचा काटा खाली पडलेला होता. आमचे मुख्य इंजिनिअर बालाजीराव. आम्ही सगळी तंजावरकडची मराठी माणसं, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी दुसरं मापक आणून लावलं, तेही तेच म्हणालं. इंजिनावरचा पंप म्हातारा झालाय, नवा पंप येईपर्यंत हे उडणार नाही, असं लिहून त्यांनी सही केली. पंप परदेशातून यायचा होता, सहा आठवडे लागणार होते. विद्यार्थी दुसऱ्या शाळेत जायच्या गोष्टी करत होते. रंजनीचं तर एकच उड्डाण राहिलं होतं: एकटीने तिरुच्चीपर्यंत जायचं आणि परत यायचं. ते झालं की परवान्याचा अर्ज.

बुधवारी मामांनी इंजिनाची चारही नोझल काढली. हे इंजिन चार सिलिंडरचं. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बोटाएवढं पितळी नोझल, त्याच्या टोकाला सुईच्या जाडीचं भोक. त्यातून पेट्रोल आत फवारतं. मामांनी चौघांना धुतलं, थाळीत ठेवलं, वर फडकं टाकलं आणि मला म्हणाले, "मी नवरात्राला तंजावरला जाऊन रविवारी येतो. तोवर ह्याला हात लावायचा नाही. फडकंसुद्धा उचलायचं नाही. समजलं?"

"समजलं, मामा."

गुरुवारी आयुधपूजा होती.

आयुधपूजेला आमच्याकडे जे हलतं, कापतं, फिरतं किंवा छापतं त्या सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. बसला लागतं, लेथला लागतं, संगणकाच्या उंदराला लागतं. हँगरमधल्या प्रत्येक पान्याला, स्क्रूड्रायव्हरला, चहाच्या पातेल्याला मी टिळा लावला. हजेरीच्या वहीला लावला. झोपलेल्या वॉचमनलाही लावला. तो उठून नमस्कार करून परत झोपला. सगळे हसले. हसणारे जमले की माझा हात थांबत नाही. मी थाळीवरचं फडकं उचललं. "हे चार नवरदेव उपाशी राहिलेत," म्हणालो, आणि चौघांनाही एकेक ठिपका दिला. पहिल्याला जरा मोठा. पहिला ठिपका नेहमीच मोठा पडतो, हात भरलेला असतो.

शुक्रवारी सकाळी गुरुमूर्तीसाहेब मीटर सामींना घेऊन आले. "नोझल बसव रे, सामी काट्याला दर्शन देणार आहेत."

"मामांनी हात लावू नका म्हणून..."

"मालक कोण आहे?"

मी नोझल फडक्याने पुसली आणि बसवली. बाहेरून चकाचक. इंजिन सुरू झालं, काटा वर गेला, विमान थरथरलं. बाकीचं वर आलंच आहे.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विमान भविष्य सांगायला लागलं.

सुरुवात वसंता अक्कांनी केली. त्या आणि त्यांचे यजमान शेषाद्री अण्णा वेस्ट मांबलमला आमच्याच मजल्यावर राहतात. अण्णा नुंगंबाक्कमच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सामींच्या मागे दोघं इथवर आले होते. अक्कांनी दोरीपाशी येऊन पदर डोक्यावरून घेतला आणि विमानाला विचारलं, "देवा, माझ्या भाचीचं लग्न ह्या वर्षी होईल का?"

विमान जोरात हललं.

"होईल!" सामी म्हणाले.

"मुलगा अमेरिकेतला का?"

विमान शांत झालं. अक्कांचा चेहरा पडला. मग पुन्हा एकदम हललं.

"अमेरिकेतला नाही," सामी म्हणाले, "कॅनडातला."

घरी येताना व्हॅनमध्ये रंजनी मला म्हणाली, "थ्रॉटलचा दांडा धरून धरून हात दुखायला लागला की माझी पकड सुटायची आणि विमान जोरात हलायचं. तेवढ्यात अक्कांच्या भाचीचं लग्न ठरलं. मी दुसऱ्या हाताने धरलं, आणि मुलगा अमेरिकेतून कॅनडात गेला."

मी हसून हसून वाकलो. ती हसली नाही.

"रघु, ते विमान असं आधी कधी हलत नव्हतं."

"आनंद झालाय त्याला."

"मी नीट विचारतेय. सोमवारी साहेब मला त्यातच तिरुच्चीला पाठवणार आहेत. काटा हिरव्यात आलाय म्हणून पंपाची ऑर्डर रद्द करायला निघालेत. ते विमान चांगलं आहे का?"

"काटा वर, कृपा वर," मी म्हणालो. आवाजसुद्धा सामींचा काढला.

तिने खिडकीबाहेर बघितलं. मला तिच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला दोन शब्द लागतात. तेवढ्या वेळात माझा एक विनोद होतो.

शनिवारी गर्दी चारशेवर गेली. सामींनी हँगरच्या कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि रक्तदाबाचं यंत्र काढलं, तेही गोल काट्याचं. शेषाद्री अण्णा पहिले बसले. दर्शनाआधी काटा एकशे पन्नासवर. मग अण्णांना विमानाभोवती अकरा प्रदक्षिणा घालायला लावल्या, भर दुपारी, ऑक्टोबरच्या घामात, एकाहत्तराव्या वर्षी. परत मोजलं तर एकशे पंच्याऐंशी.

"किती वाढली कृपा!" सामी म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा लाल तोंडाने हसले आणि खिशातली गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी सामींच्या पायाशी ठेवली. "आता हे कशाला, सामी?"

मी दहा पावलांवर होतो. शेजारच्या पोऱ्याला म्हणालो, "अजून अकरा फेऱ्या मारल्या तर अण्णा थेट टेकऑफ घेतील." तो खूप हसला. चांगला विनोद होता. गोळ्यांची पट्टी तिथेच राहिली.

रविवारी सकाळी बालाजीराव मामा आले. पहाटेच्या गाडीने उतरून तसेच, हातात पिशवी, कपाळाला तुळजाभवानीचं कुंकू. देव मानणारा माणूस. रोज पूजा झाल्याशिवाय कॉफी घेत नाही. गर्दी बघून आधी पिशवी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलले, "कापूर विझवा. समया विझवा. हे पेट्रोल आहे, तूप नाही."

सगळं विझलं. मामांचा आवाज तसा आहे.

गुरुमूर्तीसाहेब पुढे आले. "बालाजीराव, काटा वर आला! तुम्ही पंप पंप करत बसला होता."

"पंप बदलला का?"

"नाही."

"मापक बदललं?"

"नाही हो. सामींनी हात ठेवला."

"कुठे?"

"मापकाच्या काचेवर."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "नोझल कुणी बसवली?"

"मी."

मामांनी रंजनीला आत बसवून दोन मिनिटं इंजिन चालवायला सांगितलं. विमान थरथरलं, गर्दीने हात जोडले. इंजिन बंद करून, चावी स्वतःच्या खिशात घालून मामा पुढे गेले, सामींच्या तांब्यात बोटं बुडवली आणि चारही धुराड्यांच्या नळ्यांवर पाणी शिंपडलं. पहिल्या नळीवर थेंब नुसते ओघळले. दुसरीवर चर्र. तिसरीवर चर्र. चौथीवर चर्र.

"तीर्थ शिंपडतायत," वसंता अक्का कुजबुजल्या.

"पहिलं सिलिंडर थंड आहे," मामा म्हणाले. "आत जळतच नाही काही. चार बैलांच्या गाडीचा एक बैल बसलाय, म्हणून गाडी हलतेय. तुम्ही तिला मुलांची लग्नं विचारताय."

सामी हसले. "काटा खोटं बोलतो का, इंजिनिअर?"

"काटा खरं बोलतो, सामी. तुम्हाला त्याची भाषा येत नाही." मग मामा गर्दीकडे वळले. "उन्हाळ्यात पाण्याची लॉरी येते. घागर, कुडम घेऊन रांगेत कोण कोण उभं राहिलंय?"

चेन्नईत हा प्रश्न विचारायचा नसतो. सगळे हात वर.

"लॉरीच्या पाइपात पालापाचोळा अडकला तर काय होतं?"

"पाइप फुगतो," एक बाई म्हणाली.

"आणि कुडम?"

"रिकामा."

"फुगलेला पाइप बघून, व्वा, आज भरपूर पाणी आलं, म्हणत रिकामा कुडम घेऊन घरी गेलीस कधी?"

बाई हसली. "वेडी आहे का मी?"

"हा काटा पाइपाचा आहे, कुडमाचा नाही. तो नोझलच्या अलीकडचा दाब मोजतो. नोझल तुंबलं की इंजिनाला पेट्रोल कमी जातं आणि काटा वर चढतो. आधी पंप कमजोर, म्हणून काटा खाली होता. त्यात आता नोझल तुंबलं, म्हणून वर आला. एक आजार होता तेव्हा काटा आजारी दिसत होता. दोन झाले तेव्हा ठणठणीत दिसायला लागला."

"तोंडाने सगळे बोलतात," सामी म्हणाले. "प्रमाण?"

"चार बाटल्या द्या. सारख्या."

गुरुमूर्तीसाहेब आडवे आले. "आता ते उघडायचं नाही. सामींचा हात लागलाय त्याला. उद्या उड्डाण आहे. बालाजीराव, तुमची सही नको मला, दुसरा इंजिनिअर आणीन मी."

तेव्हा रंजनी विमानातून उतरली. एकवीस वर्षांची, साहेबांच्या खांद्याला लागणारी. "साहेब, उद्या त्यात कोण बसणार आहे?"

"तू. आणि सामींचा आशीर्वाद."

"आशीर्वादाला वजन नाही. मला आहे, बावन्न किलो. वरून खाली मी येणार. बाटल्या लावा, मामा."

कॅंटीनमधून आवळ्याच्या लोणच्याच्या चार बरण्या रिकाम्या करून आणल्या. मी नोझल सोडवली. प्रत्येक आपल्या नळीला जोडून एकेका बरणीत सोडलं. इंजिन बंदच ठेवायचं होतं. विमानात विजेवर चालणारा दुसरा पंप असतो, तो वीस सेकंद चालवायचा. चारशे माणसं दोरीवर वाकली. रंजनीने बटण दाबलं आणि मोठ्याने वीस अंक मोजले.

तीन बरण्या अर्ध्याच्या वर भरल्या, निळ्याशार. पहिल्या बरणीत तळाला दोन बोटं.

"काटा कुठे आहे?" मामांनी विचारलं.

"वर," रंजनी म्हणाली. "पार वर."

चारशे माना पहिल्या बरणीकडे वळल्या. मग सामी बोलले. बोलणं हाच त्यांचा व्यवसाय. "पहिला नैवेद्य देवाचा! पहिली बरणी देवाने घेतली."

"मग देवाला एवढंसं का ठेवावंसं वाटलं, तेही बघू," मामा म्हणाले. त्यांनी पहिलं नोझल काढलं, पांढऱ्या कागदावर धरलं आणि बारीक नळीने त्यात उलटी हवा सोडली. कागदावर एक कण पडला. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, पिवळा, एका बाजूने लाल. मामांनी वास घेतला. मग तो कागद त्यांनी माझ्या नाकाखाली धरला.

चंदनाचा वास मला लहानपणापासून आवडतो.

"मीच लावलं होतं," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. त्या आठवड्यात मी विनोद न करता बोललेलं हे पहिलं वाक्य. "आयुधपूजेला. गंमत म्हणून. फडकं मीच उचललं. चौघांना लावलं, पहिल्याला जास्त. बाहेरून पुसलं, भोकात वाळलं. काटा सामींनी नाही वर नेला, मी नेला. सामींनी काहीच केलेलं नाही. त्यांच्याकडे हातचलाखीसुद्धा नाही. ती आम्हीच पुरवली."

मला वाटलं, आता लोक मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

वसंता अक्का पुढे आल्या. डोळे भरलेले. "म्हणजे... रघु, तुझ्या हातचं चंदन?"

"हो अक्का, माझी चूक..."

"तुझ्या हातच्या चंदनाने काटा वर गेला!" असं म्हणून त्या माझ्या पाया पडल्या.

मी मागे सरकलो तर मागे एक ऑटोवाला पाया पडत होता. "तंबी सामी," म्हणजे धाकटे सामी, "माझ्या मीटरला एक ठिपका." कुणीतरी नोझलमधून पडलेला तो कण मागितला. दोघं जण निळ्या बरण्यांकडे तीर्थ म्हणून तांब्या घेऊन धावले. "त्यात शिसं असतं! मराल!" असं ओरडत मामांना बरण्यांसमोर हात पसरून उभं राहावं लागलं. मीटर सामी एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. ते मामांवर चिडले नव्हते, माझ्यावर चिडले होते. धंद्यात नवा माणूस आला की होतं तसं.

मामांनी चारही नोझल धुतली. बाटल्यांची परीक्षा पुन्हा घेतली: चारही बरण्या सारख्या. नोझल बसवून इंजिन सुरू केलं. इंजिन असं फिरलं की विमानाच्या पंखावर कॉफीचा टंबलर ठेवला असता तरी हिंदकळला नसता. आणि काटा सावकाश खाली उतरला, लाल रेघेपाशी, बुधवारी होता तिथे. कारण पंप अजून म्हाताराच होता.

गर्दीतून एक लांब सुस्कारा आला. विमानाच्या अंगातलं उतरलं होतं.

"घालवली," कुणीतरी म्हणालं. "कृपा घालवली इंजिनिअरने."

एका तासात हँगर रिकामा झाला. जाताना लोकांनी मामांकडे बघितलं नाही. साहेबांनी दात आवळून पंपाची ऑर्डर कायम ठेवली. रंजनीने तिरुच्चीचा नकाशा घडी करून बॅगेत टाकला. सहा आठवडे म्हणजे पुढे पाऊस, म्हणजे परवाना नव्या वर्षावर गेला.

"मामा," तिने विचारलं, "उद्या निघाले असते तर कुठवर गेले असते?"

मामांनी धावपट्टीच्या टोकाकडे बघितलं. पलीकडे ताडाची झाडं आहेत. "ह्या उकाड्यात, तीन सिलिंडरवर, त्यात असा पंप... झाडांपर्यंत तरी गेली असतीस."

ती माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं. "आता काही विनोदी बोललास," ती म्हणाली, "तर मी आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही, रघु." मी तोंड मिटलं.

घरी गेल्यावर मी शेषाद्री अण्णांकडे गेलो. तीच लॉरी, तोच पाइप, तोच कुडम, सगळं सांगितलं. "अण्णा, रक्तदाबाचा काटा वर जाणं म्हणजे पाइप फुगणं. गोळी घ्या."

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. चाळीस वर्षं कचेरीत अर्ज ऐकलेला माणूस. मग म्हणाले, "ते विमानाचं झालं, बाळ. मी विमान आहे का?" आणि कपाळ पुढे केलं. "तू एक ठिपका लाव. तुझ्या हाताला आहे काहीतरी."

मी लावला नाही. पण वसंता अक्कांना बाजूला घेऊन गोळी आमटीत कुटून घाला, असंही सांगितलं नाही. डॉक्टरकडे ओढून नेलं नाही. आपण समजावून सांगितलं, आपलं काम झालं, असं मला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी पहाटे अण्णा न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली. वॉर्डमध्ये मी भेटायला गेलो तेव्हा उशाशी रक्तदाबाचं यंत्र होतं. अण्णा तोंडाच्या डाव्या अर्ध्याने काहीतरी म्हणत होते. वसंता अक्कांना कळेना. मी कान जवळ नेला. ते विचारत होते, "काटा कुठे आहे?"

मी बघितलं. "खाली आलाय, अण्णा."

त्यांचा डावा डोळा भरून आला. कृपा गेली म्हणून.

चार बरण्या लावून विमान वाचवता येतं. माणसाला बरण्या लावता येत नाहीत. त्याला नुसतं सांगता येतं, पुन्हा पुन्हा, त्याने ऐकेपर्यंत. आणि मी एकदाच सांगितलं. म्हणून इथे दुसऱ्यांदा सांगतो. काटा दाखवून कुणी हात जोडायला सांगितलं तर आधी विचारा: हा काय मोजतो? कुठे मोजतो? वर जाणं चांगलं की वाईट? आणि शेवटी कुडम भरला का? चार प्रश्न आहेत, त्यांना मंत्र लागत नाही. देव मानायचा तर माना, मामाही मानतात. पण ते भोक बघितल्याशिवाय सही करत नाहीत.

नवा पंप आला. रंजनी जानेवारीत तिरुच्चीला जाऊन आली. काटा हिरव्यात आणि विमान गप्प. मीटर सामींच्या मठात आता विमानाचा मोठा फोटो आहे, कोपऱ्यात ठोकळा लावणारा मीही दिसतो. अण्णा डाव्या हाताने जेवायला शिकलेत.

यंदाच्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मामांनी पुन्हा नोझल काढली. मी ती माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर उघडायला गेलो.

गुरुमूर्तीसाहेबांनी कुलपाला चंदन लावलं होतं. बरोबर किल्लीच्या भोकात.